आडवी रेघ

अकराव्या मजल्यावर एसी इतका
की मे महिन्यातही मी शाल गुंडाळून बसते
आणि देश भरते.
एका ओळीत एक देश.
म्हातारपण, आजारपण, बाळंतपण, बेकारी,
माणसाला जे जे होतं ते सगळं
राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्क्यांत.

फ्रान्सचा खांब एवढा उंच
की पानाचा समास वाढवावा लागला.
झरीन मॅडम म्हणाल्या, रंग जरा फिका कर,
बाकीचे फारच गरीब दिसतात.

मला आवडतो तो शेवटचा रकाना:
पैसा येतो कुठून.
कुठे मालक घालतो, कुठे पगारातून कापतात,
कुठे सगळा भार करावर.
एका देशानं तेल विकून
न जन्मलेल्यांच्या नावावर पैसे ठेवलेत.
हे वाचून मी उगीच उठले, पाणी पिऊन आले.

खिडकीतून खाली गणेशमूर्ती नगर दिसतं.
निळ्या ताडपत्र्या, वारा उडवू नये म्हणून त्यांवर टायर.
तिसरा टायर आमचा.
ऑफिसात मी सांगितलंय, कुलाब्याला राहते.
खोटं नाही.

चांगुणा मावशी ससून डॉकवर कोलंबी सोलते.
एकतीस वर्षं, पहाटे चारपासून बर्फात हात.
बोटांवरच्या रेषा सालांबरोबर बादलीत गेल्या,
बादलीतून समुद्रात.
निराधारांच्या पैशांसाठी दरवर्षी
जिवंत असल्याचा दाखला लागतो.
यंत्रावर अंगठा ठेवला. जुळत नाही.
दुसरा ठेवला. पदराला पुसून पुन्हा पहिला.
केंद्रावरचा पोरगा बरा होता.
म्हणाला, आजी, दोन महिने कामाला जाऊ नका,
रेषा परत येतात.
मावशी म्हणाली, दोन महिने गेले नाही तर
रेषा येतील रे, मी कुठून येणार?

लायनीतले हसले. तीही हसली.
मी घड्याळ बघत होते,
साडेनवाला मला माझं बोट लावायचं असतं.
माझं लगेच जुळतं. काचेचं दारच उघडतं.

पाच महिने पैसे बंद.
त्यात डावा डोळा पिकला.
आमच्या गल्लीत चौदा बायकांची भिशी आहे,
महिन्याला पाचशे, बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या.
नंबर यल्लव्वाचा लागला होता,
पोराच्या अकरावीच्या फीसाठी ती वाटच बघत होती.
तिनं डबा उचलला, मावशीसमोर ठेवला
आणि चहाची भांडी विसळायला बसली.
कुणी काही बोललं नाही.
एकीनं तेवढं विचारलं, चष्मा धरून भागेल ना?

मावशीला आता दोन्ही डोळ्यांनी दिसतं.
फीचं काय झालं
ते मी यल्लव्वाला विचारलेलं नाही.
पोरगा डॉकवर हातगाडी ओढतो.

हे कुठे भरू?
मालक, कामगार, सरकार, इतर.
‘इतर’वर कर्सर ठेवून बसले.
लुकलुकत राहिला.
सोळा वर्षांचा मुलगा
हातगाडीसकट मावेल एवढा तो चौकोन नाही.

आपल्या ओळीत, असंघटितांच्या खाली,
आलेल्या फाइलमध्ये आकडाच नव्हता.
आडवी रेघ. आणि तळटीप: माहिती उपलब्ध नाही.
झरीन मॅडम खांद्यावरून वाकल्या,
रेघ बरोबर मधोमध घे,
शून्य वाटता कामा नये.

घेतली मधोमध.
त्या जेवायला गेल्यावर
पडद्यावर चारशे टक्के मोठी करून बघितली.
लांबून सरळ दिसते.
जवळून कडा झिजलेल्या, मध्ये तुटक,
कुणाच्या तरी अंगठ्यावर
एकच उरलेली असावी तशी.

मग परत शंभरावर आणली.
पुढची ओळ इंडोनेशियाची होती.