बत्तीस खण

फ्रायबर्गच्या खाण-विद्यालयामागं, पुलाच्या डाव्या हाताला,
एर्नेस्टीन हेर्क्लोट्स नासपतीचं लाकूड तासायची.
पोरांच्या हाती खरे स्फटिक देत नसत,
(पडतात, फुटतात, खिशातही जातात)
म्हणून तिचे लाकडी:
मुठीत मावणारे, मेणानं घासलेले,
कडा मात्र अशा की बोट दचकावं.

मी पंधराचा. भुसा झाडायचो.
पहिल्याच संध्याकाळी तिनं दिवा मालवला,
हातात एक ठोकळा ठेवला. म्हणाली, फिरव.
जिथं तो पुन्हा पहिल्यासारखा होईल तिथं थांब.
किती वेळा थांबलास ते मोज.
रंग विचारू नकोस, रंग भेसळीचा.
लांबीरुंदी विचारू नकोस, ती वाढताना मिळालेल्या जागेची.
गोत्र विचार.
किती वळणांवर घर येतं, तेवढंच.

मी चारदा थांबलो. मग कोपऱ्यांवर उभा धरून, तीनदा.
"घन," म्हणालो.
"मीठ," ती म्हणाली.

गारगोटीनं फसवलं.
सहा बाजू, सहादा थांबलो, ऐटीत.
तिनं माझा अंगठा धरून खांद्यापाशी नेला:
तिथं एक तिरका, नखाएवढा पैलू,
या कोपऱ्यावर आहे, शेजारच्यावर नाही,
आहे, नाही,
आहे, नाही.
तीन.
मग दुसरा ठोकळा. तोच,
फक्त तो पैलू उलट्या अंगाला.
कसाही फिरवा, पहिल्याशी जुळेना,
उजव्याचा हातमोजा डाव्या हातात.
"आरसा या दोघांच्या मध्ये आहे," ती म्हणाली,
"दोघांच्या आत नाही."

पाच कधीच आला नाही.
पायराइटचे बारा पंचकोन चाचपून मी ओरडलोच,
तर तिनं दोरा दिला, कडा मोज म्हणून.
चार सारख्या. पाचवी लांब.
"नुसत्या सारख्या पंचकोनी फरशीनं अंगण भरून बघ. फट राहते.
दगडाला फट चालत नाही."
त्या दुपारी तिनं जेवणाची नासपती आडवी कापली.
आत बियांची पाच घरं, चांदणीसारखी.
बाकावर त्याच झाडाचे ठोकळे, दोन, तीन, चार, सहाचे.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग अर्धी मला दिली. "झाडाला चालते."

विद्यालयातल्या कपाटाला बत्तीस खण.
तेहतिसावा कुणी कितीही डोकं आपटलं तरी निघत नाही;
हे कागदावर आधी ठरलं, दगड मागाहून शोधत गेले.
एका खणात नुसती चिठ्ठी:
असू शकतो. सापडलेला नाही.

तिची नजर गेली त्या हिवाळ्यात
तिनं त्या खणासाठी एक केला,
बोटांनी, वळणं मोजत, तीनदा मोडून.
मी विचारलं, कशावरून?
समोर दगडच नाही.
तिनं पटाशी पुसली,
जणू मी विचारलं होतं भिंतीला खिडकी कशावरून.

प्राध्यापक लाँगे यांनी तो ठेवून घेतला नाही.
नमुना नाही तर प्रतिकृती कसली, म्हणाले.
बरोबरच होतं त्यांचं.

माझ्याकडे आहे तो. सत्तेचाळीस वर्षं झाली.
झोपण्याआधी दिवा मालवतो, फिरवतो,
थांबतो.