सांधे

जामसंड्याच्या काझींकडे मी टेप घेऊन गेलो नाही.
तीन बाय सहा एवढं पाठ होतं, जाडी वीतभर.
"वीत कोणाची?" त्यांनी विचारलं
आणि माझा पंजा बघून हसले.
नखांत राळ, डांबर, कायमचं.

"कोणाक होया? पोराक, की घरात कोण आजारी आसा?"
मी म्हणालो, पावण्यांसाठी.
दारातून कुणी जड ओझं नेताना वाट द्यावी
तसे ते बाजूला सरले
आणि फळीला शिडी लावली.

आधी लाल रबराचं कापड आलं,
बाळंतिणीच्या खोलीच्या वासाचं.
मग रेक्झिन. ते मी कानाशी चोळलं.
कुरकुरलं. रात्री कूस बदलली
की भिंतीपलीकडे चहाडी करणार.
तिसरं पांढरं, वरून टॉवेलसारखं,
खालून सायीइतका पातळ पापुद्रा,
चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक.
किंमत ऐकून म्हटलं, एवढ्यात होडीला रंगाचा डबा येतो.

तरी तपासलं, सांधा तपासतो तसंच:
बाटलीतलं पाणी वर ओतलं,
खाली तळहात धरला
आणि मनात शंभर मोजले.
बाटली अर्धी. हात कोरडा.
काझी काही बोलले नाहीत, काउंटर पुसला.

वीस वर्षं मी तारामुंबरीच्या खाडीवर
फळ्यांच्या फटींत कापसाची वात ठोकतो,
बाहेरचं पाणी बाहेर राहावं म्हणून.
त्या ठोकण्याच्या भरवशावर माणसं खोल समुद्रात जातात.
आणि घरात, भिंतीला लागून,
सात वर्षांची चैत्राली
पहाटे तीनला ओली होऊन गप्प पडून राहते,
ऊब जाऊन थंडी वाजेपर्यंत,
कुणाला उठवायचं नाही म्हणून.

श्रावणात गादी वाळत नाही हो.
उघडीप बघून चार दिवस आत-बाहेर केली,
चिऱ्याच्या गडग्यावर पसरली,
मध्ये एक पिवळट बेट, काठ तपकिरी.
शाळेत जाणारा कुबलांचा पोरगा थांबून म्हणाला,
"गो, तुमच्या घरात भरती इली?"
त्या दिवशी तिने दप्तर उचललं नाही.
संध्याकाळपासून पाणी सोडलं.
घास अडकला तरी तांब्याकडे नुसती बघायची.
बायकोने तांब्या तिच्यापुढे सरकवला आणि मला म्हणाली,
"तू उद्या जामसंड्याक जा."

बांधताना काझींनी दोन बांधले.
"एक खाटेर, एक दोरीर. पावणे रोज येतत."
कडक उन्हात पापुद्रा वर करू नको, तडकतो.
इस्त्री तर नकोच.
दुसऱ्याचे पैसे गणपतीनंतर दी.
वेष्टनावरचं छापील नाव आत दुमडलं,
वरून साधं वर्तमानपत्र, सुतळी.

रात्री आम्ही दोघांनी ते चढवलं,
एक कोपरा तिने, तीन मी.
तिने वर उडी मारून कान दिला.
"वाजत नाय."
"नाय वाजत."
मग चादर. मग उशीचं टोक चावत,
"बाबा, होडी गळली तर तिका वरडतत?"

मी सांगितलं, नवी होडी पाण्यात उतरली
की पहिले काही दिवस झिरपतेच,
कितीही ठोका.
तिला बाहेर काढत नाहीत, पाण्यातच ठेवतात.
एक माणूस डबा घेऊन तळाशी बसतो.
लाकूड फुगतं, सांधे आपले आपण मिटतात.
"किती दिवस?"
लाकडावर आसा.

ती उठली, तांब्या तोंडाला लावला,
गटागट, हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळ.
बायकोने माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीत टॉर्च ठेवली, उशाला कोरडी चड्डी,
आणि माझी चटई
तिच्या खाटेलगत ओढून घेतली.