सांधा

अशोक चौकामागच्या यमुलांच्या घरी पोचलो
तेव्हा वरचा पत्रा उन्हानं तडतडत होता.
पाच छोटे बॉक्स, एक सबवूफर,
आणि श्रीनिवासची घाई: रात्री पाहुणे आहेत, उरका.

मी क्रॉसओव्हर ऐंशीवर टाकला. सगळेच टाकतात.
पुस्तिकेत ऐंशी, दुकानात ऐंशी,
माझ्या अंगठ्यालाही तीच सवय.
पण हे बॉक्स तळहाताएवढे,
ऐंशीपर्यंत उतरताना त्यांना धाप लागते.
पडद्यावरचा माणूस बोलू लागला
आणि त्याला छातीच नव्हती.
एकशेवीस केलं.
छाती आली, पण कोपऱ्यात, फ्रीजशेजारी;
तोंड एकीकडे, माणूस दुसरीकडे.
चालतंय की, श्रीनिवास म्हणाला.

चालत नव्हतं.

कॉटवरून त्याचे वडील उठले, मल्लेशम.
एकतीस वर्षं पॉवरलूम,
कान तिथंच ठेवून आलेले.
कुकरची शिट्टी त्यांच्यापर्यंत येत नाही,
सुनेचं बोलणं ओठांवरून उचलतात.
आले, आणि सबवूफरवर पंजा ठेवला,
तापलेल्या मोटरवर ठेवावा तसा,
दुसरा पडद्याखालच्या बॉक्सवर.
"हितं गाठ हाय."

मी नुसता बघत राहिलो.
"बीम संपला की नवा सांधायचा,
दोन हजार धागे, एकेक.
चादरीवर हात फिरवला आन् बोटाला लागलं
की शेठ मजुरी कापायचा."

एकशेदहा. मान हलली नाही.
नव्वद. "आता भोक पडलं."
शंभर.
त्यांनी डोळे मिटले.
मी तोच प्रसंग पुन्हा लावला, पुन्हा,
फेज उलटी करून पाहिली.
"न्हाई. मगाचंच ऱ्हाऊ दे."

तेव्हा मलाही ऐकू आलं:
कुठं संपतो बॉक्स, कुठं सुरू होतो सबवूफर,
सांगता येईना.
पडद्यातला माणूस पडद्यातच उभा होता,
छातीसकट.

श्रीनिवास मोबाइलवर पैसे पाठवत होता.
मी वायरी पट्टीखाली दाबल्या, पक्कड पिशवीत टाकली.
मल्लेशमचे हात अजून बॉक्सवरच.
"काय म्हणतोय त्यो?" त्यांनी विचारलं.

मी ओठ मोठे करून सांगितलं:
म्हणतोय, उशीर झाला, जेवून जा.

"बराबर बोलतोय," म्हणाले
आणि सुनेला हाक मारली,
लागते त्याहून मोठ्यानं.