कितवा

डंडीत समुद्रावरून जे धुकं येतं
त्याला इथली माणसं 'हार' म्हणतात.
पहिल्या वर्षी मी स्वतःलाच विचारत होते,
गळ्यात घालायचा, की पत्करायचा?

दिवसा मी फार्मसीत गोळ्या मोजते.
त्रिकोणी ताटली, बोथट सुरी.
टोकाशी एक, मग दोन, मग तीन;
सात ओळी भरल्या की अठ्ठावीस.
तिथे 'साधारण' हा शब्द चालत नाही.
मुदतही महिनाअखेर, रात्री बाराला संपते,
अकरा एकोणसाठला गोळी अजून औषध असते.

मंगळवारी, गुरुवारी संध्याकाळी
ॲप्रन पिशवीत कोंबते आणि पर्थ रोडने चालत जाते
तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, जिथला हीटर
आतून कुणी ठोकावं तसा वाजतो.
सहाजण बसतो. डॉ. गिलक्रिस्ट विचारतात:
वाळूचा ढीग. एक कण काढला. अजून ढीगच ना?
आणखी एक काढला.
आणखी एक.

तुमच्याकडचं उदाहरण सांगा, म्हणाल्या.
मी म्हटलं, थेंबे थेंबे तळे साचे.
भाषांतर करून सांगितलं, तर पेझलीचा रुअरी,
वय तेवीस, नखांना सायकलचं ग्रीस,
बराच वेळ शब्द जुळवत राहिला:
म्हणजे तळं झालं तेव्हा तो थेंब, क्रमाने, कोणत्या नंबरचा…
कितवा, मी म्हटलं.
इंग्रजीत त्याला एक शब्द नाही.
सगळ्यांनी तो वहीत उतरवून घेतला,
आपापल्या स्पेलिंगने.
त्या दिवशी घरी जाताना मी बस सोडून दिली.

अवधूतचा मिरजेहून फोन.
"तत्त्वज्ञान? सत्तेचाळिसाव्या वर्षी?
त्याने पगार वाढतो का?"
"नाही."
"मग?"
मग काय. दोघं थोडा वेळ
त्याच्याकडच्या पंख्याचा आवाज ऐकत राहिलो.

निबंध मी 'उशीर' या शब्दावर लिहायला घेतला.
बाविसाव्या वर्षी शिकायला बसणं म्हणजे उशीर नव्हे.
एका दिवसाने कुणाला उशीर होत नाही.
आणखी एका दिवसानेही नाही.
असे नऊ हजार दिवस एकापुढे एक मांडले
आणि सत्तेचाळीसला येऊन पोचले,
वेळेवर.
समासात पेन्सिलने आलं:
निष्कर्ष गोड आहे, म्हणूनच संशय येतो.
कुठलं पाऊल चुकलं?

नोव्हेंबरात मिसेस पेट्री आल्या,
हिलटाउनचा चढ चढून, ओला कोट, काठी.
डबी काउंटरवर ठेवली.
"एक कमी होती, बाळा. शेवटचा रविवार रिकामा गेला."
तक्रार नव्हती. नुसतं कळवायला आल्या होत्या.
मी मोजलेल्या होत्या. सात ओळी, माझ्या हाताने.
बहुतेक टोकाचीच नसावी,
जिथून मोजायला सुरुवात होते ती.

चुकांच्या वहीत तारीख, वेळ, सही केली.
रात्री निबंध उघडून
'एकाने काही फरक पडत नाही' या वाक्यापुढे लिहिलं:
मिसेस पेट्रींना विचारा.
मग खोडलं. हा काही युक्तिवाद नव्हे.
डॉ. गिलक्रिस्टनी खोडलेलंही वाचलं.
म्हणाल्या, हे परत आण, आणि आता
सिद्ध कर.

अजून अठरा पानं.
आज वर्ग सुटल्यावर नदीकाठी उभी राहिले.
हार उतरत होता टे नदीवर.
पुलाचे खांब मोजले: अकरा स्पष्ट,
बारावा असावा,
तेराव्याला काय म्हणावं कळेना.
पलीकडून गाडीचा आवाज येत होता, दिवा नव्हता.
कितव्या खांबाशी ती दिसायला लागली
मला सांगता येणार नाही.
दिसली, तेव्हा
ती आधीपासून दिसतच होती.