ढाळ

एकतीस वर्षं मी उमरेडच्या खाणीत
पाणी बाहेर काढलं.
तीन पाळ्या, दोन पंप,
डब्यात वातड झालेली पोळी.
खाली काळा कोळसा, वर पांढरं आभाळ,
मधे मी.

आता बेसा रोडच्या प्लॉटवर, मागच्या अंगणात,
पेरू आणि कुलरच्या मधल्या जागेत
खड्डा खणतोय,
पाणी राहावं म्हणून.

रत्नमाला दारातून म्हणाली,
"रिटायर झाल्यावर लोक गाडी घेतात."

काळी माती. फेब्रुवारीतच भेगाळलेली,
एका भेगेत माझा आख्खा पंजा गेला.
पहिल्या दिवशी फूटभर खोल.
दुसऱ्या दिवशी पाठ धरली.
तिसऱ्या दिवशी भिंतीवरून उरकुडे:
"टाकी हाय का भाऊ?"
नाही.
"मंग गणपतीसाठी?"
नाही.
"मंग काय हाय?"
डबकं, म्हटलं.
त्यांनी बायकोला हाक मारली,
मले ऊन लागलं समजून.

खाणीत डंपरच्या रस्त्याला नियम असतो:
सोळाला एक, त्याहून उभा चढ नको.
इथं जागा कुठली? चाराला एक केला,
पण केला.
तीन बाजू सरळ, एक बाजू उतरती,
वर चपटे दगड, पाय रोवायला.

रत्नमालाला सांगितलं, ढाळ बरा दिसतो.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात
आमच्या संपात एक रोही पडली होती.
चारी बाजूंनी उभे कडे.
रात्रपाळीभर ती पोहत राहिली, गोल, गोल,
आम्ही दोर टाकले, टायर टाकले,
ती दोरालाच भ्यायची.
पहाटे पाणी एकदम गप्प झालं.
साहेब म्हणाले, पंप लाव.
मी लावला.
पाणी उतरत गेलं
आणि ती पाण्याबरोबर खाली बसत गेली,
हळूच, जशी गाय बसते.

खड्ड्यात ताडपत्री घातली, वर माती.
नळाचं पाणी दोन दिवस ड्रममध्ये ठेवून
मग सोडलं, त्यातला दवाखान्याचा वास जावा म्हणून.
नागरमोथा नाल्याकाठून आणला,
वेखंडाचा गड्डा फुटाळ्याच्या नर्सरीतून.
बाकी काही आणलं नाही.

महापालिकेच्या हिवताप खात्याचा पोरगा आला,
तक्रार होती. कोणाची, ते भिंतीला ठाऊक.
त्याच्याकडे पिशवीत गप्पी मासे.
"सोडून देतो काका."
म्हटलं, नको. ते बेंडकाची अंडी खातात.
"मंग डास?"
पंधरा दिवसांनी ये, म्हटलं.

आला. पळी बुडवली, टॉर्च मारला.
डासाची एक अळी नाही.
पळीत एक मातकट, सहा पायांचा, रागीट किडा.
"हा कोण?"
चतुराचं पोर. तुझं काम तोच करतो,
पगार घेत नाही.
त्याच्या फॉर्मवर दोनच रकाने होते: आहे, नाही.
बराच वेळ पेन धरून उभा राहिला,
मग समासात लिहिलं,
"डास नाही. बाकी आहे."

कुलरखाली चार उन्हाळे राहिलेला भेक
एका रात्री सामानसुमान नसल्यासारखा
चालत तिकडे राहायला गेला.

मग नवतपा. सेहेचाळीस.
रस्ता ओसाड, कुत्री गटारात.
दुपारी सातभायांची टोळी भांडत आली,
त्यातलं एक पिल्लू
सरळ बाजूनं पाण्यात पडलं.

मी खुर्चीवरून उठलो. थांबलो.
पंख पाण्यावर पसरून ते
आधी भिंतीशी गेलं, मग दुसऱ्या भिंतीशी,
मग, कसं कोण जाणे,
ढाळाशी.
दगडाला पाय लागला.
चालत वर आलं. अंग झटकलं.
लगेच भांडणात सामील.

"असे का उभे आहात?" रत्नमालानं विचारलं,
"काय झालं?"

मी तिला रोहीचं सांगायला लागलो.
तेहतीस वर्षांची लग्नगाठ, पहिल्यांदाच.
माझा आवाज बसका, वर पाण्याच्या मोटरची घरघर.

तिनं उठून कुलर बंद केला,
त्या उन्हात,
नीट ऐकू यावं म्हणून.