बेचाळिसावं दुकान

ओढणी तोंडावर ओढून विचारते,
'अ‍ॅसिड आहे का? फरशीचं.'
मान वर कुणी करत नाही.
पस्तीस रुपये. सुटे द्या.
थंड पेयाच्या जुन्या बाटलीत,
झाकणावर दुधाच्या पिशवीचा तुकडा, त्यावर रबर.
कळव्यात एकाने तर विचारलं,
'साधं देऊ की कडक?'
चहा विचारावा तसं.

मग मी ओढणी काढते.
फरहीन समोर रसवंतीपाशी उभी असते,
मोबाईल छातीशी धरून, रेकॉर्डिंग चालू.
मी म्हणते, 'रजिस्टर दाखवा.'

चेहरे बघण्यासारखे होतात तेव्हा. त्यांचे.
कुणी पंख्याकडे पाहतं,
कुणी पोराला ओरडतं,
कुणी म्हणतं, 'बसा ताई,' आणि पाणी मागवतं.
पाणी.
हेच पाणी हवं होतं वागळे इस्टेटच्या बसस्टॉपवर,
जेव्हा एक पाववाला तेवढा सायकल टाकून धावला
आणि बाकीचे लांबून सांगत राहिले,
हात लावू नकोस रे, हात लावू नकोस.

त्याचं नाव मी घेत नाही.
नाव कोर्टात आहे, पानोपानी; तिथंच राहू दे.
तोही असाच कुठेतरी उभा राहिला असेल
खिशातली नाणी मोजत.
कुणी विचारलं नाही, कशाला हवंय.
त्याच्या हातामध्ये आणि माझ्या तोंडामध्ये
वहीची एक ओळ हवी होती.
एकच ओळ. निळ्या शाईची.

एक्केचाळीस बाटल्या आम्ही खोक्यात भुसा घालून
रिक्षाने चौकीत नेल्या.
साहेब खुर्चीसकट मागे सरकले.
'एवढं इथे ठेवणं धोक्याचं आहे, ताई.'
हो साहेब, म्हटलं.

बेचाळिसावं नौपाड्यात, आतल्या गल्लीत.
देढिया हार्डवेअर.
म्हातारा, चष्म्याच्या काडीला दोरा.
'कशाला पाहिजे?'
'फरशीला.'
'साबणाने निघते की.'
'डाग जुने आहेत.'
त्याने लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली,
थुंकी लावून पान उलटलं.
'आधार.'
दिलं.
'ओढणी काढा जरा.'

काढली.
कार्डावरच्या मुलीकडे त्याने पाहिलं.
एकोणीस वर्षांची, दोन वेण्या,
फोटोवाला हसू नका म्हणाला तरी हसलेली.
मग माझ्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे.
मुलगी त्याला खरी वाटली असावी.
'जुळत नाही,' म्हणाला. 'नाही मिळणार.'

या वाक्याने आठ वर्षांत किती काउंटरवरून परतवलं मला.
बँक. रेशन. सिमकार्ड.
डोळा उघडा. आता दुसरा उघडा.
दुसरा नाही हो.
मग जुळत नाही.
आणि आज त्याच वाक्यावर
मी दुकानाच्या पायरीत बसून हसायला लागले.
माझं तोंड एकाच बाजूने उघडतं,
हसणं आणि कळ सारखीच दिसते;
म्हातारा घाबरून गल्ल्यामागून बाहेर आला.
'काका,' म्हटलं, 'परत एकदा म्हणा.'
'काय?'
'नाही मिळणार.'

वही मागितली. मुकाट दिली.
वर्षभरात अकरा नावं.
बॅटरी. सोनार. बॅटरी. सोनार. शाळेची प्रयोगशाळा.
बोट ठेवून वाचत गेले,
निकालात नंबर शोधावा तशी.
ते नाव नव्हतं.
असायचं कारणही नव्हतं.

फरहीन रस्ता ओलांडून धावत आली,
'काय झालं हर्षाली, मारलं का त्याने?'
माझ्या वहीत लिहिलं:
बेचाळीस. दिलं नाही.
कारणाच्या रकान्यात पेन थांबलं थोडं.
मग तेही लिहिलं: चेहरा जुळला नाही.
शाई पसरली, बोट लागलं म्हणून.

रसाचे दोन ग्लास आले.
माझ्यात नळी, ओठाच्या चांगल्या कोपऱ्याला.
म्हातारा अजून दारात उभा, माझं कार्ड हातात घेऊन,
द्यायचं राहून गेलेलं.

उद्या मुंब्रा.