पायरीला बांधलेली होडी

कुठं कुठं सहा मोजतात म्हणे.
आमच्याकडे ऋतू पाच.
चार कॅलेंडरवर छापलेले,
आणि पाचवा आला की कॅलेंडरच
वरच्या खिळ्याला टांगावं लागतं.

बर्फ वितळतं, दलदल
हिवाळाभर पोटात धरलेलं सगळं
हालिस्ते नदीला देऊन टाकते,
आणि नदी न विचारता अंगणात येते.
आधी कोबीच्या वाफ्यात, मग सरपणाखाली,
मग एका सकाळी पायरीवर बसलेली दिसते
लांबच्या नात्यातल्या बाईसारखी,
जिला 'कधी निघणार' असं विचारता येत नाही.

बाबा तिच्याशी भांडले नाहीत कधी.
बटाटे माळ्यावर. गाय युहानच्या उंचावरच्या गोठ्यात.
ॲस्पेनच्या एकाच खोडातून कोरलेली होडी पायरीच्या खुंटीला.
दाराच्या चौकटीवर सुरीनं एक खाच, शेजारी साल.
झालं.
त्याच चौकटीच्या दुसऱ्या अंगाला
माझी उंची, दर वाढदिवसाची.

मला लाज वाटायची ती दुसऱ्या पाण्याची,
जे भर ऑगस्टात चढतं,
गवत कापायच्या खडखडीत दिवसांत,
सगळे घामेजून हसत असताना.

तेव्हा मी एकच स्वेटर नऊ दिवस घालते.
गावची पत्रं बिनचूक वाटून येते
आणि स्वतःची पेटी उघडत नाही.
केस विंचरायचे म्हणजे
आधी फणी कुठं आहे ते आठवायचं,
मग उठायचं,
मग कशासाठी उठलो ते.
आई म्हणायची, आळस आहे, दुसरं काय.
बहीण तार्तूहून फोन करते :
हेल्वे, जरा बाहेर पड, मोकळ्या हवेत जा.
मी खिडकीतून बघते.
मोकळ्या हवेशिवाय इथं आहे काय?

किती वर्षं बांध घातले मी.
नाताळातल्या बिस्किटांचे, चर्चमधल्या गाण्याचे,
'छान, तू कशी आहेस'चे.
बांध घालणारी बाई
रात्रीसुद्धा फावडं उशाशी घेऊन झोपते.

विल्यांदीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं,
एक ते दहामध्ये सांगा, किती?
मी म्हटलं, एकशे सेहेचाळीस.
सवयीनं. पुलाखालच्या पट्टीवर वाचतो तसं.
त्या हसल्या नाहीत.
पेन तसंच धरून म्हणाल्या,
आणि धोक्याची पातळी?

धोक्याची पातळी.
म्हणजे तिच्या खालीही काही असतं,
जिथं पाणी आहे, आणि माणूस
कॉफी करतो, भांडी वर ठेवतो, जगतो.

गोळ्या घेते. खोटं कशाला बोलू,
पाणी काही आटलं नाही.
तळ कुठं आहे तेवढं पायाला लागतं.

या ऑगस्टात मी चौकटीच्या आतल्या बाजूला,
जिथं कुणीच काही लिहिलं नव्हतं,
पेन्सिलीनं एक रेघ ओढली.
गुडघ्याच्या जरा वर. खाली तारीख.

युहान पेन्शनच्या कागदासाठी आला होता.
दारात थबकला. अंगण तर कोरडं ठाक.
हे कुठलं गं?
माझं, मी म्हटलं.
त्यानं टोपी काढली, परत घातली.
चौकटीजवळ सरकून, पाठ टेकवून,
हाताची कड स्वतःच्या छातीशी आडवी धरली.
त्र्याऐंशी साली, म्हणाला, इथवर.
मग आम्ही गवताच्या भावाबद्दल बोललो.
दोन कप कॉफी झाली. कागद तो विसरूनच गेला.

होडी आता मी बारा महिने पायरीलाच बांधते.
उन्हात, गवतात, नाकतोड्यांत पडलेली होडी.
येणारे-जाणारे हसतात, हसू देत.
सुकं खोड तडकतं, बाबा सांगायचे.
म्हणून मी तिच्यात नेहमी
थोडं पाणी ठेवते.